भावजींची अठ्ठावीस

देवानं आमच्या भावजींइतका अस्वस्थ माणूस दुसरा घडवलेला नाही. घडवायला घेतला असेलच, तर तो अर्धा झाल्यावर उठून गेला असेल. भावजी म्हणजे माझ्या चुलत बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. आजोबा मिरजेकडून कापडाचं गाठोडं घेऊन आले आणि इथंच राहिले. त्यामुळं घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडताना दोन्ही, असा त्यांचा कारभार. कापडाचा धंदा हा खरं तर बैठकीचा. पांढऱ्या गादीवर मांडी घालायची, तक्क्याला टेकायचं आणि गिऱ्हाईक कंटाळेपर्यंत ठाणं उलगडत राहायचं. भावजींनी त्या गादीवर सलग पंधरा मिनिटं बूड टेकल्याचं मी पाहिलेलं नाही. ठाण उलगडायचं, "पोत बघा" म्हणायचं आणि गिऱ्हाईक पोत बघतंय तोवर पायऱ्या उतरून रस्त्यावर. अळणावरकडच्या खेड्यांतून खरेदीला येणाऱ्या बायका या प्रकाराला इतक्या सरावल्या होत्या की त्या स्वतःच मीटरपट्टीनं कापड मोजून ठेवत आणि भावजी परत आले की "साडेचार झालंय, फाडा अप्पा" एवढंच सांगत. मी पडलो धारवाडच्या कॉलेजातला ग्रंथपाल, रायापूरला भाड्याच्या घरात राहणारा, एकदा बसलो की जेवायला हाक आल्याशिवाय न उठणारा. आमचं दोघांचं कसं जमलं हे अक्काला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाच्या हातात कॅमेरा पडणं हे विधिलिखितच असावं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरानं आपला स्टुडिओ बंद करायला काढला. भावजी तिथं गेले होते दुकानासाठी लाकडी कपाट बघायला. कपाट राहिलं बाजूला. येताना ते एक जुना कॅमेरा आणि त्याला लावलेली एक चिमुकली लेन्स घेऊन आले. बेसनाच्या लाडवाएवढी लेन्स, कडेचा काळा रंग झिजून आतलं पितळ दिसणारी. तिच्यावर अठ्ठावीस हा आकडा कोरलेला होता म्हणून भावजी तिला अठ्ठावीसच म्हणायचे. "माझी अठ्ठावीस कुठं आहे?" असं ते ओरडले की नवीन माणूस दचकायचा. त्या काळात ज्यांच्याकडं कॅमेरा असे ते हातभर लांबीच्या लेन्सची स्वप्नं बघत. भावजींची अठ्ठावीस म्हणजे उलटाच प्रकार. ती लांबचं जवळ आणत नसे, जवळचंच लांब नेत असे. पण नजरेच्या दोन्ही कडांना जे काही असेल ते सगळं आत ओढून घ्यायची. कुणी त्यावरून चिडवलं की भावजी म्हणायचे, "लांबचं बघायचं असलं तर चालत जायचं. पाय दिलेत कशाला?"

फोटोग्राफीचं शिक्षण त्यांनी कुणाकडं घेतलं नाही, कापडाच्या धंद्यातूनच काढलं. पिढ्यानपिढ्या कापड मोजणाऱ्या घरातला माणूस. समोरची वस्तू किती मीटरवर आहे हे त्यांना नुसत्या नजरेनं कळायचं. अठ्ठावीसच्या अंगावर मीटरचे आकडे होते. ते म्हणायचे की ही तीन मीटरवर लावून ठेवली की दीड मीटरच्या पुढचं सगळं स्वच्छ येतं, मग डोळा लावून फिरवत बसायची गरजच नाही. बसायची गरज नाही ही गोष्ट त्यांना फार आवडली असणार. रस्त्यानं माझ्याशी बोलता बोलता ते मधेच म्हणायचे, "तो खांब चार मीटर दहा." मी एकदा खोटं पाडायला म्हणून दुकानातली पट्टी घेऊन मोजलं, तर चार मीटर पाच भरलं. त्यावर ते दिवसभर नाराज होते. लेन्स खिशातच, कापडावर खुणा करायच्या खडूशेजारी असायची, म्हणून तिच्यावर कायम निळी-पांढरी भुकटी. ती पुसायला मलमलचा तुकडा, तोही दुकानातल्या उत्तम ठाणाचा. अक्का म्हणायची की मला साडीला अस्तर मागितलं तर उद्या बघू म्हणतात आणि त्या काचेला मलमल.

अठ्ठावीसनं माणूस नीट यायचा तर त्याच्या अंगाशी जावं लागतं. आणि पुढं सरकणं हा तर भावजींचा जन्मजात धर्म. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते इतके पुढं गेले की अंतरपाट धरणाऱ्याला वाटलं, दुसरं टोक हेच धरणार. भटजींनी अक्षता टाकता टाकता, सूर न मोडता, "स्वल्प हिंद सरीरी" असं म्हणून त्यांना मागं सरायला सांगितलं. भावजी मागं सरले ते थेट करवलीच्या पायावर. उन्हाळ्यात गच्चीवर अक्कानं पोह्याचे पापड वाळत घातले होते. वाळत घालणाऱ्या बायका, पापड, पलीकडची घरं आणि आभाळ असं सगळं एकात घ्यायचं म्हणून भावजी कॅमेऱ्याला डोळा लावून पुढं पुढं गेले, आणि पापडांच्या चार रांगा संपल्यावर थांबले. तो फोटो फार सुंदर आला होता. त्यात अक्काचा नुकताच उघडलेला, अजून शब्द न फुटलेला आ स्पष्ट दिसतो. उणकलच्या तळ्यावर संध्याकाळी गेलो की हौशी मंडळी मावळत्या सूर्यावर रोल उडवायची. भावजींच्या फोटोत सूर्य मोहरीएवढा यायचा आणि काठावर कणीस खाणारं कुटुंब सबंध यायचं. म्हणायचे, "सूर्य काय, उद्या परत यायचाय."

सगळं आलं पाहिजे, हे त्यांचं ब्रीद. घरच्या कार्यात ग्रुप फोटो काढताना दुसरा कुणी फोटोग्राफर दाटीवाटीनं उभं राहा म्हणून ओरडतो. भावजी म्हणायचे, ऐसपैस उभे राहा, कुणी मागं राहायचं नाही. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यालाही हात पुसत यावं लागे. पण या उदारपणात एक मेख होती. अठ्ठावीस मधल्या माणसांना न्यायानं वागवायची आणि कडेच्यांना मात्र ओढून ताणून आत घ्यायची. कडेला उभं राहिलेल्याचं डोकं बाहेरच्या अंगाला फुगून भोपळ्यासारखं व्हायचं, दंड पोत्यासारखा. हे घरातल्या बायकांना दोनच लग्नांत कळलं. तेव्हापासून भावजींनी कॅमेरा काढला की सगळ्या मधे घुसायच्या आणि त्या चेंगराचेंगरीत नवरानवरी कडेला जायची. पुरुषांपर्यंत ही बातमी पोचायला वेळ लागला, आणि एका पुरुषापर्यंत ती पोचूनही उपयोग नव्हता. ते म्हणजे भावजींचे थोरले बंधू, अण्णा.

अण्णा जुन्या हुबळीत, वडिलांच्या जुन्या घरी राहायचे. खाली जुनं दुकान, वर बिऱ्हाड. भावजी देशपांडे नगरात. दोघांत बारा वर्षांचं अंतर आणि स्वभावात त्याहून जास्त. अण्णा शांत, हळू बोलणारे आणि रीतभातीला कमालीचे जपणारे. फोटोत मधली जागा मानाची. ती पाहुण्यांची, व्याह्यांची, वडीलधाऱ्यांची. आपण यजमान, आपण कडेला. त्यामुळं कुठलंही कार्य असो, सगळ्यांना हाताला धरून मधे उभं करून अण्णा शेवटी एका टोकाला जाऊन हात जोडून उभे राहायचे. पंधरा वर्षांच्या फोटोंमध्ये अण्णा एकदाही अण्णांसारखे दिसत नाहीत. तोवर त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. पण मुलीच्या लग्नातला फोटो व्याह्यांनी मोठा करून बैठकीत लावला आणि अण्णा प्रथमच तिकडं गेले, तेव्हा त्यांच्या देखत एका पाहुण्यानं विचारलं की हे कडेला कोण, यांना लहानपणापासून असंच आहे काय? व्याही बिचारे घाईनं अण्णांकडं हात करून म्हणाले, हेच ते. अण्णा परत आले ते सरळ भावजींच्या दुकानात. मी तिथंच बसलो होतो. भावजींनी आपल्या परीनं समजावलं की तू मधे उभा राहा, सगळं ठीक येतं. अण्णा म्हणाले, मुलीचा बाप मधे उभा राहत नाही. माणसं बघून तू काच बदलायची, काच बघून माणसांनी जागा बदलायच्या नाहीत. इथंवर ठीक होतं. पण भावजींना गप्प बसणं हेही एक प्रकारचं बसणंच वाटायचं. ते म्हणाले, "काच खोटं बोलत नाही, अण्णा." अण्णांनी चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर सात वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल, तेव्हा मलाही यायचं. गणपतीत दोघं एकाच पंगतीला बसायचे आणि अण्णांना भाजी वाढायची झाली तर भावजी अक्काला सांगायचे की तिकडं भाजी पाहिजे असेल बघ. पण या सात वर्षांत भावजींची पायाची भिंगरी जास्तच जोरात फिरायला लागली, हे मी पाहिलं. दिवसातून तीनतीनदा कॅमेरा घेऊन बाहेर पडायचे. स्टेशन, बाजार, रायापूरला माझ्या घरी, तिथून उलट्या पावली परत. सगळी हुबळी त्यांनी अठ्ठावीसमध्ये भरली, फक्त जुन्या हुबळीचा रस्ता टाळला. वाटेत ते वळण आलं की स्कूटरचा वेग वाढायचा. मागं बसलेला मी देवाचं नाव घ्यायचो.

मग अण्णांचं पोटाचं दुखणं निघालं. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि घरच्यांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. अण्णांना कुणी सांगितलं नाही, पण आयुष्यभर कापडाचा पोत हातानं ओळखलेला माणूस. माणसांच्या बोलण्याचा पोत बदललेला त्यांना कळलाच. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. कॉलेजातला म्हणून ते मला मास्तरच म्हणायचे. म्हणाले, "मास्तर, त्याला एक निरोप दे. भिंतीवर लावायला माझा एक नीट फोटो नाही. स्टुडिओचे जिने चढायला आता होत नाही. त्याच काचेनं काढ म्हणावं. मी मधे बसतो." अण्णा मधे बसायला तयार झाले, यातच मला काय ते समजलं.

निरोप ऐकल्यावर भावजी गादीवरून उठले, बसले, परत उठले. दुकानातल्या मलमलचा चांगला मीटरभर तुकडा फाडून त्यांनी अठ्ठावीस पुसली. मग पाच वाजता आम्ही जुन्या हुबळीला गेलो. त्या वेळी अण्णांच्या खोलीत खिडकीतून सरळ ऊन यायचं. अण्णा दाढी करून, पांढरा सदरा घालून पलंगाच्या बरोबर मधे बसले होते. भावजी पुढं गेले, आणि त्यांना मी प्रथमच कुठंतरी थांबताना पाहिलं. दीड मीटरवर. खट असा आवाज झाला. अण्णांनी विचारलं, "झालं?" सात वर्षांनंतरचा तो पहिला शब्द. भावजी म्हणाले, "एक झाला. रोल संपायला पाहिजे की. छत्तीस झाल्याशिवाय धुवायला टाकता येत नाही." त्या काळी हे कुणालाही पटण्यासारखं होतं, दिवाळीचे तीन फोटो काढून उरलेल्या रोलासाठी संक्रांतीपर्यंत थांबणारी घरं आम्ही पाहिली होती. अण्णा म्हणाले, मग ये उद्या.

आणि भावजी रोज जायला लागले. पाच वाजले की दुकानातून उठायचे, गिऱ्हाईक असो नसो. रोज एक फोटो, जास्त नाही. अक्कानं घरच्या पूजेचा एक काढा म्हटलं तर हा रोल अण्णाचा आहे म्हणून तिला गप्प केलं. मी शनिवारी जायचो. पहिल्या शनिवारी खट झाल्यावर भावजी खिडकीपाशी उभे होते. पुढच्या शनिवारी स्टुलावर टेकले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहतो तर भावजी पलंगावर मांडी घालून बसलेले, आणि दोघे भाऊ पॉपलीनचा माल हल्ली पूर्वीसारखा येत नाही यावर तासभर बोलत होते. वडिलांच्या वेळचे व्यापारी, कुठल्या ठाणाला कसर लागली होती, कुणी कुणाला कसं फसवलं, असल्या गोष्टी. व्याह्यांच्या भिंतीवरच्या फोटोचा विषय निघाला तेव्हा अण्णाच हसले, आणि हसताना पोट धरावं लागलं म्हणून भावजींनी विषय बदलला. रोज निघताना अण्णा विचारायचे, "कितवा झाला?" आणि भावजी आकडा सांगायचे.

एका शनिवारी तो आकडा एकतीस होता. अण्णा पार वाळले होते. मी मनातल्या मनात हिशेब केला की गुरुवारी रोल संपेल. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा धाकधूकच होती. खट झालं. "कितवा?" अण्णांनी डोळे मिटूनच विचारलं. भावजी कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "चोविसावा." कापड मोजण्यात उभं आयुष्य घालवून कुणाला बोटभरही कमी न दिलेले अण्णा नुसते म्हणाले, "बरं."

भावजी चहाचं सांगायला आत गेले. अण्णांनी डोळे उघडले आणि मला खुणेनं वाकायला सांगितलं. आवाज अगदी खोल गेला होता. "त्यात रोल नाही, मास्तर. आत रोल असला की दांडी ओढताना त्याच्या डाव्या हाताकडचं ते गोल बटण फिरतं. पहिल्या दिवसापासून फिरलेलं नाही. दीड मीटरवरून दिसत नाही काय मला?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी खिडकीकडं बघितलं. अण्णांनी माझं मनगट धरलं. "त्याला सांगू नकोस. नाहीतर उद्या घालून आणील."

मी कुणालाच सांगितलं नाही. आकडा एकदा अकरावर गेला, एकदा सतरावर, आणि एकदा चक्क चाळीसवर. चाळीसला अण्णांनी फक्त भुवई उचलली, तेव्हा भावजींनी चौदा म्हणून दुरुस्त केलं. दसरा झाला आणि चार दिवसांनी अण्णा गेले. दुपारी गेले. भावजी पाचला नेहमीसारखे पोचले, तेव्हा घरापुढं माणसं जमली होती. कॅमेरा त्यांच्या गळ्यात होता. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून अण्णांच्या पत्नीनं, वहिनींनी विचारलं, तर भावजी खाली मान घालून म्हणाले की रोल खराब निघाला. शेवटी व्याह्यांकडच्या त्याच फोटोतून अण्णांना कापून मोठं केलं. भोपळ्याएवढं डोकं आणि जोडलेले हात. हार मात्र छान बसला त्यावर.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. रोल गेले, मोबाईल आले, भावजींचे केस पांढरे झाले, पण गादीवर पंधरा मिनिटं बसण्याचा विक्रम अजून झालेला नाही. मध्यंतरी एकदा दुकानात आम्ही दोघेच होतो. मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकलं की भावजी, त्या वेळी कॅमेऱ्यात रोल नव्हता ना? भावजींनी हातातलं ठाण गुंडाळणं थांबवलं नाही. म्हणाले, "पहिल्या दिवशी खरंच विसरलो होतो. निरोप आल्यावर काही सुचलंच नाही रे. घरी येऊन उघडलं, तर रिकामा."

"आणि दुसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

भावजींनी ठाण फळीवर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. ते उठले, चपला घातल्या, पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले आणि जुन्या हुबळीच्या दिशेला तोंड करून तिथंच उभे राहिले. बाजाराची गर्दी त्यांना वळसा घालून दोन्ही अंगांनी जात होती. मी हाक मारली नाही. दोन चहा सांगितले आणि त्यांची वाट बघत बसलो.